मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्याचा पुनर्विकास : आधी काय राहणार, हे ठरवावे लागेल

आपला प्रश्न असा आहे की, मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरची बंदराची जमीन ओस पडली असताना एकच मोठा आराखडा करून ती शहराला का देऊन टाकली जात नाही. मी नगररचनेच्या क्षेत्रात काम करतो आणि या पट्ट्याविषयी मला मनापासून आस्था आहे, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

ती जमीन ओस पडलेली नाही. 1989 मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाल्यावर कंटेनरची वाहतूक हळूहळू तिकडे गेली, आणि 1880 ची प्रिन्सेस गोदी व 1888 ची व्हिक्टोरिया गोदी पुढे भराव घालून बुजवण्यात आल्या, हे खरे आहे. तरीही मुंबई बंदरातून आज वर्षाला 6 कोटी टनांहून अधिक माल हाताळला जातो. त्यात सर्वांत मोठा वाटा जवाहर द्वीप आणि पीर पाव येथे उतरणाऱ्या कच्च्या तेलाचा व तेलजन्य पदार्थांचा आहे. मोटारी आणि पोलाद यांची ये-जा होते, माझगाव गोदीत युद्धनौका व पाणबुड्या बांधल्या जातात, दारूखाना या भागात जुनी जहाजे तोडली जातात, आणि भाऊच्या धक्क्यावरून मोरा-रेवसच्या लाँची सुटतात. रस्त्यावरून पाहणाऱ्याला गंजलेली गोदामे दिसतात, पण त्यांच्या मागे काम चालू असते.

म्हणून पुनर्विकासाच्या आराखड्याची सुरुवात नव्या इमारतींपासून न करता, पुढची तीस-चाळीस वर्षे कोणते काम इथेच राहणार, या निर्णयापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. मासळीचे उदाहरण घ्या. ससून गोदी 1875 पासून आहे, आणि तिथे व भाऊच्या धक्क्यावर पहाटेच्या आधीपासून मासे उतरतात. या व्यवसायाला नुसता धक्का पुरत नाही. बर्फ लागतो, डिझेल लागते, लिलावाला छप्पर लागते, जाळी दुरुस्त करायला मोकळी जागा लागते, कोळंबी सोलणाऱ्या बायकांना बसायला जागा आणि पाणी लागते, आणि अंधारात ट्रक आत-बाहेर करता येतील असा रस्ता लागतो. आराखड्यात धक्का तेवढा ‘संरक्षित’ दाखवून मागची दोनशे मीटर जमीन निवासी केली, तर पाच वर्षांत तिथल्या रहिवाशांच्या वास आणि आवाजाच्या तक्रारी सुरू होतील आणि शेवटी धक्काच हलवावा लागेल. कोळी समाजाला हलवण्याचा निर्णय कोणीही उघडपणे घेतलेला नसेल, पण परिणाम तोच होईल.

जर्मनीतल्या हॅम्बुर्ग या बंदराच्या शहराने हा प्रश्न कसा हाताळला, ते पाहण्यासारखे आहे. तिथे जुन्या बंदराच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या हाफेनसिटी या नव्या वस्तीची घोषणा 1997 मध्ये झाली आणि मूळ आराखडा 2000 मध्ये मंजूर झाला. क्षेत्र 157 हेक्टर, म्हणजे मुंबई बंदराच्या जमिनीच्या मानाने लहान, तरी काम अजून चालू आहे. जमीन शहराच्या मालकीची होती, आणि ती विकून येणाऱ्या पैशातून आल्टेनवेर्डरच्या नव्या कंटेनर टर्मिनलला हातभार लावायचा, अशी मूळ योजना होती, म्हणजे जुन्या बंदराच्या जागेने नव्या बंदराचा खर्च उचलायचा होता. भूखंड घेणाऱ्याला जमीन लगेच मिळत नसे. ठराविक मुदतीत शहराबरोबर बसून रचना पक्की करून बांधकाम परवानगी मिळवल्यावरच व्यवहार पूर्ण होई, त्यामुळे जमीन अडवून ठेवून भाव वाढण्याची वाट पाहणे अवघड झाले. एल्बे नदीच्या पलीकडे रात्रंदिवस चालणाऱ्या बंदराचा आवाज जिथे पोहोचतो, तिथे खिडकी थोडी उघडी असतानाही झोपण्याच्या खोलीतला आवाज मर्यादेत राहील अशी खास खिडकी बसवणे आवश्यक केले गेले. बंदराला गप्प बसवण्याऐवजी घरांना त्याच्याशी जुळवून घ्यायला लावले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिवाय पूर्वेकडच्या भागाचा आराखडा 2010 मध्ये नव्याने तपासला गेला. दहा वर्षांपूर्वीचे उत्तर कायमचे मानले गेले नाही.

मुंबईचा स्वतःचा अनुभव मात्र बोचणारा आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे कल्पिले होते: मोकळ्या जागांसाठी, परवडणाऱ्या घरांसाठी आणि मालकासाठी. 2001 मध्ये हे वाटे फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीवर मोजायचे ठरले, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. शहराच्या हाती येणारी जमीन एका तरतुदीतील बदलाने किती आटली, ते गिरणगावात राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. बंदराच्या जमिनीसाठी 2014 मध्ये राणी जाधव समिती नेमली गेली आणि 2018 मध्ये बंदर विश्वस्त मंडळालाच विशेष नियोजन प्राधिकरण करण्यात आले. जमीनमालक आणि नियोजक एकच असतात, तेव्हा मोकळ्या जागांचे प्रमाण सहज बदलता येणार नाही अशी कायद्याची तजवीज आधीच हवी. निवृत्तिवेतनाचा मोठा बोजा असलेल्या संस्थेला जमिनीतून पैसा उभा करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. त्यात कोणाची वाईट वृत्ती शोधण्याची गरज नाही.

याशिवाय अडचणी जमिनीतच आहेत. पट्ट्याचा मोठा भाग भरावाचा आहे, जहाजतोडणीच्या आणि तेलाच्या टाक्यांच्या आसपासची माती तपासल्याशिवाय तिथे शाळा किंवा घरे बांधू नयेत, आणि शिवडीच्या चिखलाच्या किनाऱ्यावर फ्लेमिंगो येतात, त्या भागात कांदळवनाला हात लागता कामा नये. भाडेकरूंचा प्रश्न तर जुनाच आहे. भाडेवाढीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2004 मध्ये निकाल लागला, तरी अनेक भाडेपट्ट्यांचे वाद पुढे चालूच राहिले.

मग आज काय करता येईल? कोणाचेही काम न हलवता करता येण्याजोग्या गोष्टी आधी कराव्यात. रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी ही हार्बर मार्गाची स्थानके पाण्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, पण मधल्या भिंतींमुळे तिथे राहणाऱ्यांना समुद्र दिसतही नाही. त्यांच्यासाठी दोन-तीन सरळ रस्ते पाण्यापर्यंत न्यावेत. बंदराच्या जुन्या रेल्वेचा पट्टा तुकड्या-तुकड्यांनी भाड्याने न देता सार्वजनिक वाहतुकीसाठी अखंड राखून ठेवावा, कारण एकदा तो तुटला की पुन्हा जोडणे शक्य होणार नाही. नवे भाडेपट्टे देताना मुदत कमी ठेवावी, दर दहा वर्षांनी आराखड्याचा जाहीर फेरविचार करावा, आणि दारूखान्यातल्या कामगारांची व भाऊच्या धक्क्यावरच्या कोळ्यांची मोजणी त्यांच्याच संघटनांना सोबत घेऊन पहिल्या वर्षीच पूर्ण करावी.