स्कॉर्पिओतील मालाची जाळी : अकरा हजार खरेच वाचतात का?

नमस्कार.

आपले पत्र मिळाले. धारणी तालुक्यात आपले किराणा दुकान आहे आणि दर आठवड्याला परतवाड्याहून जुन्या फोर-बाय-फोर स्कॉर्पिओतून आपण माल आणता. सेमाडोहच्या घाटात सांबर आडवे आल्याने करकचून ब्रेक लावावा लागला, तेव्हा मागचा तेलाचा डबा पुढे येऊन मधल्या सीटच्या पाठीवर आदळला, आणि त्या सीटवर आपला मुलगा बसला होता. तेव्हापासून माल आणि माणसे यांच्यामध्ये लोखंडी जाळी बसवण्याचे आपण मनावर घेतले आहे. नागपूरच्या दुकानदाराने तयार जाळीचे, बसवण्याच्या खर्चासह, 16,000 रुपये सांगितले. गावातील वेल्डर मागची दोन्ही बाके काढून, चौकोनी पाइपची चौकट तळाच्या पत्र्याला चार बोल्टांनी आवळून, हेच काम 4,800 रुपयांत करून देतो. उरलेले 11,200 रुपये पावसाळ्याआधीच्या माल भरणीत घालावेत का, असा आपला प्रश्न आहे.

जाळी हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु त्या दोन रकमांची वजाबाकी करण्याआधी जाळीवर नेमका किती भार येणार, हे पाहावे लागेल. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकेत सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, असे धरले, तर साखरेचे 50 किलोचे एक पोते पुढच्या बाजूला सुमारे 700 किलो वजनाइतका जोर लावते. वेग दुप्पट झाला तर पोत्यातील ऊर्जा चौपट होते. हा जोर पाइपवर येतो त्याहून अधिक बोल्टांवर येतो, आणि बोल्ट टिकला तरी त्याच्याखालचा पातळ पत्रा टिकेलच असे नाही. लहान वॉशर असेल तर पत्रा वॉशरभोवती फाटतो आणि बोल्ट जसाच्या तसा वर येतो. त्यातच 25 मिलिमीटरचा, 2 मिलिमीटर जाडीचा वीस फूट पाइप सुमारे पावणेनऊ किलो भरतो. म्हणजे सुटलेली चौकट ही स्वतःच मुलाच्या डोक्यामागची आणखी एक जड वस्तू होते. म्हणून वेल्डरने सांगितलेल्या पद्धतीची जाळी मी 4,800 रुपयांतच काय, फुकट मिळाली तरी बसवू नये, असे म्हणेन.

बाके काढण्याचा तर विचारही करू नका. ती काढू नयेत. आसनसंख्या आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदलेली असते, आणि निर्मात्याने दिलेल्या ज्या तपशिलांची नोंद आरसीवर असते, ते मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे परस्पर बदलता येत नाहीत. कलम 182-अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतात. बाके दुमडून ठेवा आणि जाळीच्या मागे कोणालाही बसवू नका.

आता ज्या गोष्टीचा आपल्या पत्रात उल्लेखच नाही, पण माझ्या मते जी सर्वांत महाग पडू शकते, तिच्याकडे येतो. आपली गाडी खासगी नोंदणीची आहे. खासगी कारच्या प्रचलित विमा पॉलिसीत वापराची मर्यादा लिहिलेली असते, आणि तीत नमुने व वैयक्तिक सामान वगळता मालाची वाहतूक वर्ज्य असते. दुकानाची पोती भरलेली गाडी घाटात उलटली, तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारण्यास विमा कंपनीला हे कलम पुरेसे होऊ शकते. मग जाळी कितीही मजबूत असली तरी दुरुस्तीचा सगळा खर्च आपल्या खिशातून जाईल. परतवाड्याहून येणारा मालवाहू गाडीवाला पोत्यामागे 30 रुपये घेतो, असे आपणच लिहिले आहे. आठवड्याची आठ पोती धरली तर महिन्याला साधारण 1,000 रुपये होतात. हा धंद्याचा खर्च आहे, तो मालाच्या किमतीत धरता येतो, आणि घरची माणसे बसतात त्या गाडीतून सर्वांत जड वस्तू त्याने कायमच्या बाहेर जातात. दुकानाचा माल त्या मालवाहू गाडीनेच आणा, माझा पहिला सल्ला हाच आहे.

त्यानंतर गाडीत घरचा बाजार, स्टेपनी, जॅक आणि अवजारे उरतील. त्यांच्यासाठीही जाळी चांगलीच घ्यावी. मात्र 16,000 रुपये किंमत म्हणजे मजबुतीची हमी नव्हे. जाळीची कोणत्या वजनावर आणि कोणत्या मानकाप्रमाणे चाचणी झाली, हे विक्रेत्याकडून लेखी मागा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये अशा जाळ्यांसाठी 4034 क्रमांकाचे मानक आहे. ती बॉडीच्या मजबूत भागांना, जाड आधारपट्ट्या देऊन बसते का, आणि सीटबेल्टच्या बोल्टांना हात न लावता बसते का, हेही विचारा. लेखी उत्तर मिळत नसेल तर ही वेल्डरचीच जाळी रंग लावून तिप्पट दराने मिळते आहे, असे समजून व्यवहार सोडून द्यावा.

पैशांची सोय पीककर्जातून किंवा माल भरणीच्या रकमेतून करू नका. पावसात घाटातला रस्ता बंद पडला की दुकान त्याच साठ्यावर चालते. दरमहा 4,000 रुपये बाजूला काढले तर पोळ्यापर्यंत, चार महिन्यांत, रक्कम जमते. तोवर सामान मधल्या सीटच्या पाठीला टेकवून, खाली ठेवून, खटक्याने घट्ट होणाऱ्या रॅचेट पट्ट्यांनी गाडीतील कड्यांना आवळा.

जूनमध्ये पॉलिसीचे नूतनीकरण आहे, तेव्हा वापराच्या मर्यादेचे पान एजंटसमोर उघडून वाचा. मालक-चालकाचे 15 लाखांचे अपघात संरक्षण तीत आहे का ते पाहा, आणि सोबतच्या प्रवाशांसाठी वाढीव हप्ता भरून संरक्षण घ्या, कारण मुलगा अठरा वर्षांचा नसल्याने त्याला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत घेता येणार नाही. आपण आणि पत्नी मात्र बँक खात्यातून वर्षाला प्रत्येकी 20 रुपयांत 2 लाखांचे हे संरक्षण याच आठवड्यात सुरू करू शकता.