बधिर तळपाय आणि इन्फ्रारेडचे पॅड

प्रश्न : वडिलांना १५ वर्षांपासून मधुमेह आहे. तळपाय बधिर झालेत, रात्री जळजळतात. इन्फ्रारेड पॅडचं यंत्र घ्यावं का?

उत्तर : एवढ्यात घेऊ नका. या पॅडमधल्या एलईडी ८९० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकतात. त्याने रक्तपुरवठा वाढून नसा सुधारतात, असा दावा असतो. अमेरिकेत ६९ रुग्णांवर चाचणी झाली, २००८ साली प्रसिद्ध झाली. घरी रोज ४० मिनिटं, ९० दिवस. निम्म्यांच्या पॅडमधून प्रकाशच येत नव्हता, तरी खऱ्या आणि खोट्या पॅडच्या गटांमध्ये एकमेकांपेक्षा फरक दिसला नाही. अमेरिकेची मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना तर २००६ पासूनच याचे पैसे देत नाही.

शिवाय बधिर पायाला चटका कळत नाही. लाल दिव्याचा शेक त्याहून वाईट. फोड आलेला सकाळी मोज्याला पाणी लागल्यावर दिसतो.

त्यापेक्षा डॉक्टरांकडून १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (१० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू) पायाची स्पर्शाची जाणीव तपासून घ्या. डोळे मिटायला लावून, घट्टा टाळून, तो तंतू वाकेपर्यंत टेकवतात. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर बी-१२ जरूर तपासा. त्याच्या कमतरतेनेही अशाच मुंग्या येतात, आणि ती भरून काढता येते. जळजळीवर ड्युलॉक्सेटिन किंवा प्रीगाबालिन डॉक्टर देतात. बधिरपणा मात्र त्याने जात नाही. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः बघा. चप्पल घालण्याआधी झटकायची, घरातही अनवाणी नाही.