लॉगिन लेकीचं, फॉर्म आईने भरलेला

शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून एका आईचं लांबलचक पत्र आलंय. थोडक्यात सांगायचं तर मुलीला युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय, अर्बाना-शॅम्पेनला ॲडमिशन मिळालीये, मेजर म्हणजे मुख्य विषय कम्प्युटर सायन्स (सीएस) प्लस लिंग्विस्टिक्स, म्हणजे भाषाशास्त्र, ॲक्सेप्ट पण करून झालंय. आता आईबाबांचे प्रश्न असे: वर्षभराने इंजिनिअरिंगच्या "खऱ्या" सीएसमध्ये ट्रान्सफर कसं घ्यायचं, जेम्स स्कॉलर आणि कॅम्पस ऑनर्स हे दोन्ही ऑनर्स प्रोग्राम घ्यावेत का, स्टॅटिस्टिक्सचं डबल मेजर जोडून सगळं तीन वर्षांत उरकता येईल का, आणि डॉर्म कुठली घ्यायची की सरळ ओळखीच्या एका सीनियर मुलीबरोबर अपार्टमेंट बघायचं.

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा प्रश्नांसाठी आणि दुसऱ्यांदा मुलगी शोधायला. आम्ही ठरवलं, आम्हाला वाटतं, आम्ही बघितलं, असं सगळं पत्रभर आहे आणि जिला तिथे जाऊन राहायचंय ती मला फक्त दोन ठिकाणी सापडली. एकदा "तिला भाषांची आवड आहे म्हणा" एवढ्यात, आणि एकदा तक्रारीत, की दोन उन्हाळ्यांपूर्वी धुळ्याला गेली तर एसएटीचा अभ्यास सोडून आजीची अहिराणी फोनवर रेकॉर्ड करत बसली. त्या रेकॉर्डिंगबद्दल मी पुढे बोलणारच आहे, पण आधी ज्या वाक्याने मला खरोखर काळजी वाटली ते घेते.

तुम्ही लिहिलंय की हाउसिंगचा फॉर्म "तिच्या लॉगिनने आम्हीच भरून टाकला, ती फायनल्सच्या अभ्यासात होती". त्यात सवयींचे प्रश्न होते, त्याची उत्तरं पण तुम्हीच दिलीत. रात्री दहाला झोपते, खोलीत पाहुणे नकोत, शक्यतो भारतीय रूममेट हवी. ताई, ती रात्री दहाला झोपते का? माझ्याकडे येणारी बारावीतली एकही मुलगी दहाला झोपत नाही. म्हणजे आता ऑगस्टमध्ये कोणीतरी लवकर झोपणारी, शांत मुलगी तुमच्या उत्तरांवर विश्वास ठेवून आपली रूममेट कशी असेल याचं चित्र मनात घेऊन येणार, आणि पहिल्याच आठवड्यात दोघींची धुसफूस सुरू होणार, आणि तुमची लेक तिला सांगू पण शकणार नाही की ते मी लिहिलंच नव्हतं. वर त्या कॉन्ट्रॅक्टला कबुली तिच्या नावाने गेलीये, तिने न वाचता.

हा लॉगिनचा मुद्दा मी जरा लांबवणार आहे, कारण पुढची चार वर्षं यावरच भांडणं होतात. अमेरिकेत १९७४ सालचा फर्पा नावाचा कायदा आहे. शाळेत असेपर्यंत मुलांच्या रेकॉर्डवर आईवडिलांचा हक्क असतो, पण मूल कॉलेजात दाखल झालं की तो हक्क मुलाकडे जातो, मग ते अठराचं झालेलं असो की नसो. म्हणून तुम्ही ऑफिसला फोन करून ग्रेड विचारली तर साधारणपणे तिच्या संमतीशिवाय सांगत नाहीत, आणि ते उद्धटपणे वागतात म्हणून नव्हे, कायदाच तसा आहे. खूप पालकांना हा अपमान वाटतो, फी आम्ही भरतो आणि मार्क आम्हालाच सांगत नाहीत म्हणजे काय. मग उपाय म्हणून पासवर्ड घेऊन ठेवतात. तुम्हीपण तेच केलंय. विद्यापीठाच्या नेट-आयडीचा, म्हणजे लॉगिनचा, पासवर्ड दुसऱ्याला देणं नियमात बसत नाही ही एक गोष्ट, पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे की मुलगी मग हळूहळू खोटं बोलायला शिकते. पोर्टलवर काय दिसतं ते तुम्हाला दिसणार, म्हणून जे तिथे दिसत नाही तेच ती तुम्हाला सांगेनाशी होते. एका परीक्षेत आपटली, एकटं वाटतंय, क्लासला जावंसं वाटत नाहीये, हे कुठल्याच पोर्टलवर येत नाही, ते फक्त तिच्या तोंडून कळू शकतं. पासवर्ड तिला आजच बदलू दे आणि नवीन काय ठेवला ते विचारू नका.

आता ट्रान्सफर. तुमच्या यजमानांचं म्हणणं असं दिसतंय की एकदा आत शिरलं की मेजर बदलता येतं, मंडळातल्या कोणाच्या तरी मुलाने बदललं होतं. हा गैरसमज इतका पसरलाय की त्याच्यावर दर वर्षी मला बोलावं लागतं. बऱ्याच विद्यापीठांत खरंच तसं असतं, पहिलं वर्ष हिंडा-फिरा आणि मग मेजर ठरवा. पण इलिनॉयला तुम्ही अर्जच ठरावीक कॉलेज आणि ठरावीक मेजरला करता, आणि इंजिनिअरिंगच्या सीएसमध्ये नंतर बाहेरून जाणं जवळजवळ बंद आहे, कारण जागा मोजक्या आणि रांग प्रचंड. मागच्या दाराने जाऊ म्हणून दुसऱ्याच विषयात शिरलेली आणि दोन वर्षं ना इकडे ना तिकडे अशी लटकलेली मुलं मी पाहिलीत. तुमच्या मुलीच्या बाबतीत तर गंमत अशी की ज्या दारावर तुम्ही धडका मारणार आहात त्याच्या आत ती आधीच आहे. सीएस प्लस लिंग्विस्टिक्स म्हणजे पातळ केलेलं सीएस नव्हे. सीएस १२४, १७३, डेटा स्ट्रक्चर्सचा २२५, अल्गोरिदमचा ३७४, हे सगळे तेच कोर्स, त्याच वर्गात, इंजिनिअरिंगच्या मुलांच्या शेजारी बसून, तोच पेपर. फरक एवढाच की इंजिनिअरिंगवाल्यांना जिथे फिजिक्स वगैरे घ्यावं लागतं तिथे ही ध्वनिशास्त्र, वाक्यरचना असं काहीतरी घेणार आणि पदवी लिबरल आर्ट्स अँड सायन्सेस कॉलेजची असणार. या प्लसवाल्या जोड्या तिथे २०१४ पासून आहेत आणि लिंग्विस्टिक्स पहिल्या चारांमध्येच होतं, म्हणजे तुमच्या लेकीवर कोणी प्रयोग करत नाहीये. नोकरीच्या इंटरव्ह्यूत विचारतात ते २२५ आणि ३७४ मधलंच.

आणि "भाषाशास्त्र म्हणजे शेवटी भाषांतरच ना, आणि ते तर आता मशीन करतं" हे वाक्य तुम्ही यजमानांचं म्हणून लिहिलंय, तर त्यांना विचारा की ते मशीन शिकवतं कोण. मराठीत "काय करते आहेस" म्हणतो ते आजी "काय करी ऱ्हायनी" म्हणते, आता हे फोनला बोलून बघा काय टाईप होतं ते. इंग्रजीचे शब्द ढिगाने साठवलेले आहेत, अहिराणीचे नाहीत, कारण ते कोणी बसून रेकॉर्डच केले नाहीत. तुमच्या मुलीने कोणी न सांगता, मार्क मिळणार नाहीत हे माहीत असून, सुट्टीतल्या दुपारी बसून ते केलं. मला इतकी वर्षं पत्रं येतायत, "आवड आहे" असं सगळेच लिहितात, आवडीचा इतका स्पष्ट पुरावा मला क्वचित मिळतो, आणि तुम्ही तो तक्रार म्हणून पाठवलाय.

ऑनर्सबद्दल. आपल्याकडे बीए ऑनर्स म्हणजे पदवीचंच नाव, त्यामुळे आपल्याला वाटतं ऑनर्स नाही घेतलं तर डिग्री हलकी. तिथे तसं नाहीये. जेम्स स्कॉलर प्रत्येक कॉलेज आपापलं चालवतं, नियम वेगवेगळे, ठरावीक जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, टिकवायची आणि प्रोफेसरशी बोलून एखाद्या कोर्समध्ये जास्तीचं काम करून ऑनर्स क्रेडिट मिळवायचं, बदल्यात कोर्सची नोंदणी लवकर करता येते, आणि सीएसचे कोर्स भराभर भरतात म्हणून हा फायदा चांगलाच आहे. आमंत्रण आलं असेल तर घेऊ दे, नाही जमलं तर सोडता येतं. कॅम्पस ऑनर्स ही वेगळी गोष्ट, त्याला वेगळा अर्ज, छोटे वर्ग, चर्चा, वाचन, खूप छान आहे पण ज्याला तशा वर्गात बसायला आवडतं त्याच्यासाठी. त्यांची कोर्सची यादी तिला वाचायला द्या, वाचताना डोळे चमकले तर अर्ज, नाहीतर नको. दोन्ही "असू दे, रेझ्युमेला बरं" म्हणून घेणं मला अजिबात पटत नाही.

डबल मेजर आणि तीन वर्षं, याचा हिशोब करूया. डिग्रीला १२० क्रेडिट लागतात, एपीची, म्हणजे शाळेतच केलेल्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सची, २२ धरली तरी ९८ उरली, सहा सेमिस्टरमध्ये भागली तर सोळा-सतरा येतात, म्हणजे कागदावर बसतं. पण सीएसचे कोर्स एकामागे एक साखळीत आहेत, आधीचा झाल्याशिवाय पुढचा मिळत नाही, आणि प्लसवाल्या मेजरमध्ये आधीच दोन विषय आहेत त्यावर तिसरा लादला की प्रत्येक सेमिस्टर काठोकाठ भरणार, आजारी पडायलाही जागा नाही. शिवाय एक अख्खा इंटर्नशिपचा उन्हाळा हातचा जातो. जर कारण पैशाचं असेल तर ते खरं कारण आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही, पण मग तिला समोर बसवून आकडे दाखवा, ती मोठी आहे. एक माहीत असू द्या, इलिनॉयच्या रहिवाशांसाठी सरकारी विद्यापीठांत पहिल्या वर्षी लागलेली ट्यूशन फी सलग चार वर्षं तीच ठेवायचा कायदा आहे, त्यामुळे "चौथ्या वर्षी ट्यूशन किती वाढेल कोण जाणे" ही भीती तरी काढून टाका. राहण्या-जेवण्याचा खर्च मात्र वाढू शकतो.

राहण्याचं. अपार्टमेंटचा विषय इथेच संपतो, पहिल्या वर्षाच्या मुलांना विद्यापीठाच्या हॉलमध्ये किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या ठरावीक जागांमध्येच राहावं लागतं. हॉल कुठला हे तिने नकाशा उघडून ठरवावं. इलिनॉय स्ट्रीटचा हॉल, ज्याला सगळे आयएसआर म्हणतात, तो सीएसच्या सीबल सेंटरला जवळ, पायी जाता येतं, म्हणून त्याला मागणी खूप. पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडा अ‍ॅव्हेन्यूचे हॉल अर्बानाच्या बाजूला लांब पडतात, पण बस आहे आणि विद्यार्थ्यांना आयकार्डवर, म्हणजे ओळखपत्रावर, फुकट आहे. शॅम्पेनकडे आयकेनबेरी, तिथे जिम जवळ, गजबज जास्त. जानेवारीत तिथलं वारं सपाट मैदानावरून येतं ते अंगात घुसतं, तेव्हा सकाळच्या क्लासला किती चालावं लागेल हा विचार भारतीय रूममेटपेक्षा महत्त्वाचा. शाकाहारी जेवण डायनिंग हॉलमध्ये मिळतं, ती काळजी नको. खोलीत शेगडी चालत नाही, तेव्हा इंडक्शन घेऊन देऊ नका, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट द्या.

गणित आणि विज्ञानातल्या मुलींसाठी एकत्र राहायची वेगळी सोय पण आहे, विमसी म्हणतात, ते तिला आवडू शकेल, पण तिला. आणि "दर शुक्रवारी घरी घेऊन येऊ, सव्वादोन तासच तर आहेत" हे लिहिलंय ना, ते पहिले सहा आठवडे तरी कृपा करून नको. मैत्र्या शनिवारी रात्री जेवताना होतात, आणि ती तेव्हा तुमच्या गाडीत मक्याची शेतं बघत असेल. मक्यावरून आठवलं, त्या कॅम्पसच्या मधोमध १८७६ पासूनचं प्रयोगाचं एक शेत आहे, मॉरो प्लॉट्स, त्या पिकावर सावली पडू नये म्हणून शेजारची लायब्ररी जमिनीखाली बांधली. पहिल्यांदा सोडायला जाल तेव्हा बघून या दोघं. मला तुमच्या पत्रावर तेच सांगायचं होतं असं आता लिहिता लिहिता लक्षात आलं.

गणिताची अ‍ॅलेक्स प्लेसमेंट परीक्षा, म्हणजे कुठल्या पातळीच्या गणितापासून सुरुवात करायची ते ठरवणारी, तिने वेळेत द्यावी, आणि कोर्स निवडायला अ‍ॅडव्हायझर तिच्याशी बोलेल तेव्हा तुम्ही शेजारी बसू नका, पलंगाच्या टोकाला पण नाही.

हाउसिंगचा फॉर्म तिला पुन्हा उघडून बघू दे, अजून बदल करता येत असतील तर ती तिची उत्तरं भरेल, नसतील येत तर रूममेट कळल्यावर तिने स्वतः मेसेज करून खरं काय ते सांगावं. आणि ताई, ती आजीची रेकॉर्डिंग्ज अजून त्याच फोनमध्ये आहेत का, कॉलेजसाठी नवीन फोन घेतलाय असं तुम्ही लिहिलंय, जुना एक्सचेंजमध्ये द्यायच्या आधी तिला विचारा.