शंभर रुपयांचा दंड आणि व्हिसाचा अर्ज

मी समुपदेशक. परदेशात नोकरी ठरलेली माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक वेळा घर सोडण्याच्या ताणाबद्दल बोलायला. पण अधूनमधून कुणीतरी असं येतं, की तासभर भलत्याच गोष्टी बोलतं आणि निघताना दारात थांबून विचारतं, "मॅडम, माझ्यावर पूर्वी एक केस झाली होती. त्यामुळे अडेल का हो?" खरं तर तेवढंच विचारायला ते आलेलं असतं.

ज्याच्याबद्दल लिहिते आहे तो वेल्डर. त्याच्या परवानगीनेच लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय एकोणतीस. ऑस्ट्रेलियातल्या एका कारखान्याची ऑफर हातात, कामाची चाचणी पास, इंग्रजीची परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटलेली. आणि झोप पार उडालेली. रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर कुणाकुणाचा व्हिसा कसा नाकारला गेला ते वाचत बसायचा. बायकोला त्या केसचा पत्ताच नव्हता, त्यामुळे कूस बदलून स्क्रीनचा उजेड झाकून वाचायचा.

प्रकार असा. 2016 साली मित्राच्या भावाच्या वरातीत डीजे बंद करण्यावरून दोन गटांत हाणामारी झाली. पोलिसांनी दोन्हीकडची पोरं उचलली. रात्र पोलीस ठाण्यात गेली, सकाळी जामीन झाला. पुढे दोन-तीन तारखा पडल्या. मग एका तारखेला वकिलांनी सांगितलं, "गुन्हा कबूल म्हण, दंड भर, आजच मोकळा होशील." त्याने तसं केलं. घरी पेढे वाटले नाहीत एवढंच. केस मिटली असं सगळ्यांनी धरून चाललं आणि तो विषय परत कधी निघाला नाही.

आता व्हिसाच्या अर्जात गुन्ह्यांबद्दलचा रकाना समोर आला आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. एजंट म्हणाला, बिनधास्त 'नाही' कर, कोण बघतंय. वडीलही तेच म्हणाले, फक्त दबक्या आवाजात. मामांच्या मते असलं काही कळलं तर पासपोर्टच जप्त होतो. एका मित्राने छातीठोकपणे सांगितलं की 'हो' लिहिलंस तर जन्मभर बंदी.

मी विचारलं, "कलम कोणतं होतं? निकालात काय लिहिलंय?"

"मारामारीचंच असेल ना. माहीत नाही."

मामा, मित्र, एजंट, वडील, तो स्वतः, कुणीही निकालाचा कागद पाहिलेला नव्हता. हे मला नवं नाही. अशा बाबतीत भीती खूप मोठी असते आणि माहिती शून्य. लाज वाटते म्हणून माणूस कागद शोधत नाही, आणि कागद नाही म्हणून भीतीला आकार राहत नाही. अशा वेळी श्वासाचे व्यायाम शिकवून काही होत नाही, असं माझं मत आहे. मी वकील नाही आणि कायद्याचा सल्ला देत नाही. पण न्यायालयात जाऊन निकालाची प्रमाणित प्रत आण, हे सांगायला वकील असावं लागत नाही.

तो लगेच गेला नाही. "तिथं परत पाऊल ठेवायचं म्हणजे…" एवढंच म्हणायचा. पोलीस ठाण्यातल्या त्या रात्रीबद्दल तो तेव्हा पहिल्यांदा बोलला. मार बसल्याचं दुःख नव्हतं त्याला. सकाळी सोडवायला आलेल्या वडिलांनी हवालदारासमोर हात जोडले होते, ते डोळ्यांसमोरून जात नव्हतं. व्हिसाची भीती म्हणून जे काही तो बोलत होता, त्यातला बराच भाग त्या जोडलेल्या हातांचा होता. त्यावर आम्ही वेगळं काम केलं. ते इथे सांगत नाही.

शेवटी तो गेला. खटला क्रमांक माहीत नव्हता, म्हणून आधी जुन्या वकिलांना गाठलं. त्यांच्या डायरीत क्रमांक आणि तारीख सापडली. मग नकलेसाठी अर्ज, फी, थोडे हेलपाटे. (किरकोळ खटल्यांचे जुने कागद काही काळाने नष्ट केले जातात. तसं झालं असेल तर तेही न्यायालयाकडून लेखी घ्यावं. नुसतं "साहेब, मिळालं नाही" म्हणून चालत नाही.)

निकाल एका पानाचा. भारतीय दंड संहिता, कलम 160: सार्वजनिक ठिकाणी मारामारी करून शांतता भंग करणं. गुन्हा कबूल. शिक्षा, शंभर रुपये दंड. या कलमात जास्तीत जास्त शिक्षाच मुळी एक महिना कैद किंवा शंभर रुपये दंड, किंवा दोन्ही. 1860 च्या कायद्यातले ते शंभर रुपये. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली तेव्हा त्याचे हजार झाले.

कागद माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "मॅडम, एवढंच?" आणि हसायला लागला. मलाही हसू आलं. पण दुसरी बाजू त्याला ऐकवणं भाग होतं. गुन्हा कबूल करून दंड भरला म्हणजे न्यायालयाने दोषी ठरवलं. रक्कम शंभर असो की लाख, ही शिक्षाच आहे. घरचे मिटली म्हणत होते ती केस कायद्याच्या भाषेत दोषसिद्धी होती.

इथे फार जण फसतात. साध्या दुखापतीच्या केसमध्ये दोन्ही पक्षांनी न्यायालयासमोर रीतसर तडजोड केली, तर त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा असतो. 'लवकर संपवू' म्हणून कबुली देऊन दंड भरला, तर उलट. त्या दिवशी दोन्ही रस्त्यांनी माणूस संध्याकाळी घरीच जातो, म्हणून फरक कळत नाही. चॅप्टर केस पुन्हा वेगळी. ती शांतता राखण्याच्या हमीची कारवाई. त्यात गुन्ह्याबद्दल दोषी ठरवलेलं नसतं. वयाच्या अठराव्या वर्षाआधी बाल न्याय मंडळापुढे प्रकरण गेलं असेल, तर 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 बहुतेक मुलांना त्या डागापासून संरक्षण देतं. म्हणजे चौघांनीही "माझ्यावर केस होती" म्हटलं, तरी चौघांची उत्तरं वेगळी.

पुढचा प्रश्न त्यानेच काढला. "पण मॅडम, पासपोर्टच्या वेळी मी 'नाही' लिहिलं होतं. मग मी खोटं बोललो का?" हे ओझं तो वर्षानुवर्षं वाहत होता. आम्ही शांतपणे बसून पाहिलं. पासपोर्ट कायद्याच्या कलम 6 मध्ये शिक्षेचा मुद्दा येतो तो असा: अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत, नैतिक अधःपतनाच्या (म्हणजे फसवणुकीसारख्या, नीतिमत्तेला काळिमा फासणाऱ्या) गुन्ह्यासाठी, किमान दोन वर्षांची कैद. शंभर रुपयांचा दंड त्यात बसतच नाही. न्यायालयात खटला चालू आहे का, हा तिथला दुसरा प्रश्न. त्याचा खटला तेव्हा संपलेला होता. त्याचं 'नाही' खरं होतं. ऑस्ट्रेलियाच्या चारित्र्याविषयीच्या फॉर्ममधला प्रश्न मात्र ऐसपैस आहे: कोणत्याही देशात, कधीही, कोणत्याही गुन्ह्यासाठी दोषी ठरला आहात का, अगदी नोंद आता काढून टाकली असली तरी. तिथे त्याचं उत्तर 'हो'.

त्याला हे अन्यायाचं वाटलं. एकाच माणसाने एकाच घटनेबद्दल एकीकडे 'नाही' आणि दुसरीकडे 'हो' कसं लिहायचं? पण विचारलंय वेगळं, म्हणून उत्तर वेगळं. अमेरिकेचा व्हिसा अर्ज तर दोषी ठरण्याआधीची पायरी, नुसती अटकसुद्धा विचारतो. रकाना वाचून उत्तर द्यायचं, आपल्या मनातल्या अपराधीपणाला नाही.

मग मी त्याला स्थलांतराच्या कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाकडे पाठवलं. त्यांनी जे सांगितलं त्याने त्याची झोप परत आली म्हणायला हरकत नाही. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात 'गंभीर गुन्हेगारी पार्श्वभूमी'ची रेषा बारा महिने किंवा त्याहून जास्त कैदेपाशी आहे. त्याखालच्या गोष्टी अधिकारी एकंदर वागणुकीत पाहू शकतो, पण विशीतल्या एका दंडावरून सहसा दार बंद होत नाही. खोटी माहिती मात्र सापडली, तर व्हिसा जातोच आणि पुढची तीन वर्षंही जाऊ शकतात. ब्रिटनमध्ये फसवणुकीच्या अर्जाला दहा वर्षांची बंदी बसू शकते, कॅनडात पाच, अमेरिकेत कायमची. एजंटचं काय, तो पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळतो.

सगळेच किरकोळ वाटणारे गुन्हे किरकोळ ठरतात असं नाही, हेही सांगायला हवं. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस आपल्याकडे लोक दंड भरून विसरतात. कॅनडाने डिसेंबर 2018 पासून त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षांवर नेली, आणि तेव्हापासून तो तिथल्या स्थलांतर कायद्यात गंभीर गुन्ह्यात मोडतो. तिथे जाणाऱ्याने आधी वकील गाठावा, मग ऑफर लेटरचा फोटो स्टेटसला ठेवावा.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटसाठी त्याला ठाण्यात बोलावणं आलं. त्याने निकालाची प्रत पुढे केली, जबाब झाला, सर्टिफिकेट मिळालं आणि त्यात प्रतिकूल काही नव्हतं. झालं! वडील म्हणाले, "बघ, रेकॉर्डच नाही. आता कशाला लिहितोस?" मोह मोठा होता. पण अर्जात 'तुमच्या सर्टिफिकेटवर काय आहे' असं विचारलेलं नाही.

अर्जासोबत जोडायच्या निवेदनावर आमचा सर्वात जास्त वेळ गेला. पहिला मसुदा तीन पानी. त्यात डीजेवाला, समोरचा गट, पोलिसांचा अन्याय, वकिलाची घाई, आईचं आजारपण, सगळं होतं. वाचताना वाटत होतं की हा अजून त्या रात्रीचं भांडण लढतोय. दुसऱ्या मसुद्यात तो एकदम टोकाला गेला: मी वाया गेलेला मुलगा होतो, मला क्षमा करा. दोन्ही फाडले. मी म्हटलं, "समोरचा अधिकारी दिवसभर असले कागद वाचतो. त्याला काय हवं असेल?" तो विचार करून म्हणाला, "काय झालं, काय शिक्षा झाली, त्यानंतर काही झालं का." मग तेवढंच लिहिलं. तारीख, कलम, कबुली, दंड भरल्याची पावती. मी त्या मारामारीत होतो आणि मला त्याचा खेद आहे, हे एक वाक्य. त्यानंतर एकही प्रकरण नाही, इतकी वर्षं अमुक ठिकाणी काम करतो आहे. अर्धं पान. हेच त्याने मोठ्याने बोलून पाहिलं, कारण कंपनीही विचारणार होती. पहिल्यांदा आवाज कापला, नंतर सरळ झाला. बायकोलाही त्याने त्याच आठवड्यात सांगितलं. ती केसवर नाही चिडली, लपवल्यावर चिडली.

कंपनीच्या माणसाने त्यानंतर काही झालं का एवढंच विचारलं आणि पगाराच्या खात्याकडे वळला. व्हिसा थोडा लांबला, पण आला.

ज्यांचा खटला अजून चालू आहे, त्यांचं गणित निराळं. नुसता एफआयआर असणं आणि न्यायालयाने दखल घेतलेला खटला प्रलंबित असणं, यात परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर 2019 च्या परिपत्रकात फरक केला आहे. पासपोर्ट अडतो तो दुसऱ्यात. तिथेही रस्ता आहे. 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेप्रमाणे, खटला जिथे चालू आहे त्या न्यायालयाने परदेशी जायची परवानगी दिली, तर तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर एक वर्षाचा. म्हणून वकिलाला परवानगीसोबत मुदतही मागायला सांगावी. ही माहिती दडवून पासपोर्ट काढला तर तो स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा.

निघण्याच्या आधी वेल्डर शेवटचा भेटायला आला तेव्हा त्याला नवीनच काळजी लागली होती. तिथे खोलीवर आपल्याकडची चार मुलं असणार. त्यांनाही सांगून टाकावं का? खरं बोलण्याची सवय लागली म्हणे. मी म्हटलं, सरकारने विचारलं, तू सांगितलंस. कंपनीने विचारलं, सांगितलंस. बायकोला सांगितलंस. खोलीवरच्या मुलांनी तुला भाड्याचा वाटा विचारला, तर तो वेळेवर दे.