कॅपची घाई करू नका, ताई

अथणीकडच्या ताई, मुलीच्या पुढच्या दातांवर तपकिरी डाग, लहानपणापासून बोअरचं पाणी, दोनदा क्लिनिंग करूनही फरक नाही आणि आता स्थळं बघताय म्हणून महिन्याभरात कॅप बसवायच्या, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात कालवलं. बावीस वर्षांपूर्वी आमच्या घरात अगदी हेच बोलणं चाललं होतं.

मी डॉक्टर नाही, माझ्यावर बेतलं तेवढंच सांगते. क्लिनिंगने हे डाग जात नाहीत, कारण ते वरून बसलेले नसतात. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की दात हिरडीखाली तयार होत असतानाच त्यात दोष राहतो, आणि डाग आत मुरलेला असतो.

मला एका दवाखान्यात "थोडंसं घासून कॅप बसवू" म्हणाले. थोडंसं! तात्पुरती कॅप जेवताना निघाली तेव्हा आरशात बघितलं, तर चार चांगल्या दातांच्या जागी चार खुंट्या. कीड नाही, दुखणं नाही, नुसते डाग होते. दुसरा काही उपाय आहे का, हे मला कुणी सांगितलं नाही आणि आईनेही विचारलं नाही, कारण पाहुणे यायचे होते. पुढे दोन दातांचं रूट कॅनल झालं. हिरडी वर सरकली तशी कॅपच्या कडेला काळी रेघ दिसायला लागली. आता कॅप बदलत राहायच्या, जन्मभर. घासलेला दात परत येत नाही. याचा राग अजून जात नाही माझा.

माझ्या भाचीचे डाग तसेच होते. तिचं मायक्रोअब्रेजन केलं. सौम्य आम्ल आणि बारीक भुकटीने वरचा अगदी पातळ थर घासतात, मिलिमीटरचाही लहानसा भाग. मग घरी ट्रे लावून ब्लीचिंग. तपकिरी रंग बराच गेला. पांढरे चट्टे मात्र ब्लीचिंगने आधी जास्तच उठून दिसतात. दात कोरडा पडला की तसं होतं, म्हणून घाबरू नका, दोन आठवडे थांबून बघा. झिणझिण्या येतात, त्याही ओसरतात. चट्टे राहिलेच तर रेझिन इन्फिल्ट्रेशन म्हणून एक प्रकार आहे, त्यात चट्ट्यात पातळ रेझिन मुरवतात, दात कोरावा लागत नाही. दातांना खड्डे पडले असतील तर गोष्ट वेगळी, तिथे काँपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, लागेल. ते डॉक्टरच बघून ठरवतील.

बेळगावात केएलईचं डेंटल कॉलेज आहे. तिथे दाखवा आणि आधी हेच विचारा, "दात न कापता काय होईल?" लिंबू-सोडा, कोळसा, मशेरी यातलं काही घासायला देऊ नका, दात झिजतो, डाग तिथेच.

आणि घरात लहान मूल असेल तर बोअरचं पाणी आजच तपासायला द्या, फ्लोराइडची चाचणी करा असं स्पष्ट सांगून. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पाणी मुलांना नको. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं तसं उलट वाढतं. साध्या कँडलच्या फिल्टरनेही जात नाही, आरओ लागतो. आठ वर्षांपर्यंतच्या पोरांना जपा, कायमचे दात त्याच वयात घडतात.

मुलीच्या दातांचा उजेडातला फोटो टाकलात तर माझ्या भाचीच्या आधीच्या फोटोशी ताडून बघते.