घरी साखरेचे शेंगदाणे करताना साखर पांढरी, भुरभुरीत होते, काय चुकतंय?

काहीच चुकत नाही भाऊ, फक्त तिथे गॅस बंद करू नका. पाक हलवत राहिलं की पाणी उडून जातं आणि साखरेचे परत कण बनतात, ते दाण्यांना वाळूसारखे चिकटतात, ही पायरी यायलाच पाहिजे.

दोन वाट्या कच्चे शेंगदाणे सालासकट, एक वाटी साखर, पाव वाटी पाणी, चिमूटभर मीठ, सगळं एकदमच जाड बुडाच्या कढईत टाका आणि मध्यम आचेवर हलवत राहा. आपल्या खान्देशात भुईमुगाची कमी नाही, त्यामुळे महागाच्या बदामांमागे लागायची खरंच गरज नाही, फक्त एक दाणा आधी चावून बघा, खवट असेल तर सगळी मेहनत वाया. पांढरं झालं की गॅस बारीक करा, आणि बुडाची साखर उलथण्याने खरवडून दाण्यांवर घेत राहा, ती हळूहळू परत वितळते, तांबूस होते आणि दाण्यांना मस्त चकाकी येते. तांबूस दिसली की लगेच उतरवा, पुढे पटकन जळून कडू होते.

तूप लावलेल्या ताटात पसरवून दोन चमच्यांनी सुटे करा. हात अजिबात लावू नका, पोरांना पण लांब ठेवा, हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असतो.

उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याकडची कोरडी हवा याला एकदम बेस्ट, पावसाळ्यात मात्र साखर ओलावा ओढते म्हणून पूर्ण गार झाले की लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. कढई घासत बसू नका, पाणी घालून उकळलं की सगळं सुटतं.