वडोदऱ्यात पाळायला बोआ घ्यावा की अजगर?

आधी एक सांगतो: आपला देशी अजगर आणि मांडूळ (म्हणजे आपला देशी बोआ), दोन्ही विसरा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहेत, घरात ठेवणं गुन्हा. विश्वामित्रीच्या काठी सापडला म्हणून उचलून आणला, हे चालत नाही. परदेशी सापाचीही सरकारदरबारी परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, म्हणून विकणाऱ्याकडे कागद मागाच.

तर पर्याय उरतात आफ्रिकेतला बॉल पायथन (अजगराचीच एक जात) आणि मध्य-दक्षिण अमेरिकेतला बोआ. माझं मत पहिल्या सापासाठी बॉल पायथन. लांबी साधारण 3 ते 5 फूट, स्वभाव लाजाळू, घाबरला की चेंडूसारखं वेटोळं. एकच खोड, मनात आलं की महिनोन्‌महिने उपास! आपल्या आजीच्या चातुर्मासावर ताण. बोआ खायला तक्रार करत नाही, पण 6-8 फूट सहज होतो. दांडिया बाजारातल्या फ्लॅटमध्ये एवढी पेटी ठेवणार कुठे?

दोघांनाही पेटीची उबदार बाजू 31-32 अंश लागते. इथल्या मे महिन्यात पारा 40 च्या पुढे जातो, तेव्हा खरी काळजी गारव्याचीच. आणि हो, बॉल पायथन 20-30 वर्षं जगतो. घरच्यांना आधी विचारलंय ना?